करंजवाडीचे धडे कुठे अडले

शाल्मलीला वाटलं होतं, परदेशात शिकलेली विद्या गावात आणली की अडचण येईल ती विजेची, नाहीतर माकडांची. आली ती सोपानदादाची.

कारण त्याच गावात हा भोळा सोपान राहायचा, आणि शाळेच्या संगणकाची राखण त्याच्याकडे होती. शाल्मलीने वाड्यावाड्यांच्या शाळांचे संगणक जोडले होते. ज्याच्याकडे धडा, त्याने तो इतरांना द्यायचा. विज्ञानाचे धडे सध्या एकट्या या गावाच्या संगणकात होते. शेजारच्या करंजवाडीच्या पोरांची परीक्षा सोमवारी, आणि त्यांना हे धडे अजून मिळायचे होते. आणि बुधवारी गावाचा अपलोड, म्हणजे धडे बाहेर पाठवण्याचा वेग, एकाएकी घसरला.

शाल्मली तपासायला आली. संगणक बंद.

"दादा, हे काय?"

"ताई, तुम्हीच म्हणालात, खोलीत कुणी नसलं की पंखा बंद करायचा. कुणी नव्हतं."

"अहो, तो पंखा! आपल्याला नको असलं तरी दुसऱ्याला हवं असतं. चालूच ठेवायचं."

"बरं."

गुरुवारी शाळेची टाकी कोरडी. सोपानदादाने दिवसभर नळ चालू ठेवला होता.

"दादा, असं मोकळं सोडतात का? थोडं थोडं द्यायचं. घागरभर दिलं की बंद!"

"बरं."

शुक्रवारी अपलोड पुन्हा घसरला. सोपानदादा नेटची तार हातात धरून बसलेला. तार खुपसायची, शंभर मोजायचे, उपटायची.

"घागर घागर देतोय," तो म्हणाला. "पण करंजवाडी फार हावरट आहे, ताई."

शाल्मलीने तार त्याच्या हातातून घेऊन परत खुपसली. मग तिने पहिल्यापासून समजावलं. "दादा, एकानेच सगळं धरून बसायचं नाही. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाला एकेक द्यायचा. सगळ्यांचे तुकडे जुळले की काम झालं."

"सत्यनारायणाच्या प्रसादासारखं! आधी नाही का सांगायचं?"

शनिवारी अपलोड शून्य. शाल्मली धावत आली. टेबल रिकामं. सोपानदादा पेचकस खिशात खोचत होता.

"झालं वाटून! पडदा सरपंचांना. कीबोर्ड कासारकाकूंना. पोटातला पंखा जनाआत्याला, तिला फार उकडतं."

"आणि हार्ड डिस्क? धडे ज्यात आहेत तो डबा?"

"तो करंजवाडीच्या गुरुजींना. दुपारच्या एसटीने गेला. हावरटांना मोठा तुकडा."

रविवारी सकाळीच गुरुजींचा फोन आला. "शाल्मलीताई, डबा जोडला. सगळेच्या सगळे धडे! पोरं जेवायला उठत नाहीत. तुमचं परदेशी तंत्र भारी आहे हो!"

शाल्मलीने फोन ठेवला आणि ठरवून टाकलं: गुरुजींना काही सांगायचं नाही, आणि पुढचे गणिताचे धडे एसटीनेच पाठवायचे.