कोंडशीचा चुकणारा नगारा

कोंडशीच्या भैरीच्या देवळापुढे दगडी चौथऱ्यावर तांब्याचा एक नगारा आहे. चैत्रातल्या जत्रेला तो दोन म्हातारे मिळून वाजवतात. एक वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा, आणि प्रत्येकाच्या हातात एकच टिपरी. ठेका काही बसत नाही. बसू लागला की दोघांतला एक जण मुद्दाम चुकतो. बाहेरून आलेले हसतात, मोबाइल वर धरतात. गावातले कुणी हसत नाही.

चौथऱ्याशेजारी रंगीत फलक आहे. 'दोन बंधुराजांनी वैर विसरून अर्पण केलेला नगारा. कलाप्रेमाचे प्रतीक.' हे ज्याने लिहिले त्याने गावात चहा पिण्याएवढाही वेळ काढलेला दिसत नाही. ज्यांनी लढाई लावली त्यांचा उल्लेख आदराने, आणि ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना अर्धी ओळही नाही. या लबाडीला उत्तर म्हणून खालच्या आळीचे विठोजी तात्या घडशी पायरीवर बसून सांगतात तेच इथे देतो. घडशी म्हणजे पिढ्यान् पिढ्या देवापुढे वाजवणारे. नगाऱ्याची एक टिपरी सध्या तात्यांच्या हाती आहे.

"फलक वाचला?" तात्या आधी विचारतात. "वाचला असंल तर विसरा."

कोंडशीच्या जहागीरदाराला दोन मुलगे होते म्हणे. बाप गेला, गादी कुणाची ते ठरले नाही. थोरल्याने वरच्या आळीत निशाण लावले, धाकट्याने खालच्या, आणि सात वर्षे बारा गावे एकमेकांवर धावली. कशासाठी, ते लढणाऱ्यांनाही धड ठाऊक नव्हते असे सांगतात. देव एक, सोयरीक एक. फौजही आधी एकच होती, त्यामुळे नगाऱ्याचे ठेके दोन्हीकडे तेच राहिले. घाईचा ठेका चढाईचा, सावकाश ठेका माघारीचा. फौज वाटून घेतली तसे ठेकेही वेगळे करावेत, हे त्या दोन शहाण्यांना सुचले नाही.

थोरल्याचा नगारा सटवाजी घडशी वाजवी, धाकट्याचा भिवजी घडशी. सटवाजीची बहीण भिवजीला दिलेली. सटवाजीचा मुलगा राणू बापाच्या बाजूने भाला घेऊन लढे, म्हणजे सख्ख्या आत्याच्या नवऱ्याविरुद्ध.

शेवटची लढाई नदीच्या उतारावर, पायी ओलांडता येते तिथे झाली. धूळ एवढी की निशाणे दिसेनात. थोरल्याने माघार फर्मावली, सटवाजीने सावकाश ठेका धरला. तो ऐकून धाकट्याची माणसेही मागे फिरली. धाकट्याने चिडून भिवजीला चढाई वाजवायला लावली, तर थोरल्याची परतलेली माणसे पुन्हा पुढे वळली. दोन्ही नगारे वाजत राहिले. माणसे पुढे जात, मागे येत, आपल्याच भाल्यांवर आदळत. राणू उतार ओलांडून सुखरूप परतला होता, हे पाहणारे होते. तो वळला आणि धुळीत शिरला. परत आला नाही.

कोण जिंकले ते कुणालाच कळले नाही. महिन्याभरात दोघे भाऊ एका ताटात जेवले, जहागीर वाटून घेतली, देवाला एक नगारा वाहिला आणि मोकळे झाले. तो वाजवायचा कुणी? वरच्याने हात लावला की खालचे जत्रेला येणार नाहीत, खालच्याने लावला की वरचे. पंचवीस वर्षे नगारा मुका राहिला, आणि सटवाजी-भिवजीही एकमेकांशी बोलले नाहीत.

मग एका जत्रेच्या दिवशी भर दुपारी सटवाजी चौथऱ्यावर चढून बसला. त्याचा डावा हात लकव्याने गेला होता. त्याने भिवजीला बोलावणे धाडले. भिवजी आला. लढाईतल्या वारामुळे त्याचा उजवा हात कामाचा नव्हता.

"दाजी, माझा उजवा चालतो. तुमचा?"

"डावा."

"म्हणजे दोघांत मिळून एक गडी."

"आणि दात चार," भिवजी म्हणाला. "बोल, कशाला बोलावलंस?"

"मरायच्या आधी एक सांगा. राणू कुणाच्या नगाऱ्यावर वळला? तुमची चढाई ऐकून माझाही हात घाईवर गेला होता का, ते मला आठवत न्हाई."

"तुझी माघार ऐकून माझाही हात ढिला पडला असंल. मला तरी कुठं आठवतंय, सटवा?"

"मग वाजवून बघू."

दोघांनी एकेक टिपरी घेतली. घाईचा ठेका सुरू झाला तसे जत्रेत बसलेले दोन्हीकडचे म्हातारे लढवय्ये ताडकन उठले. काठ्या वर झाल्या. एकाने समोरच्याचे मुंडासे धरले. टिपऱ्या सावकाश झाल्या तसे सगळे मागे फिरले, लंगडे कोलमडले. पुन्हा घाई, पुन्हा माघार. म्हाताऱ्यांना थांबता येईना, वाजवणाऱ्यांनाही येईना. त्यांच्या हातांत हुकूम नसलेला एकही ठेका नव्हता.

तेवढ्यात सटवाजी चुकला. कंप सुटला म्हणून की जाणूनबुजून, यावर दोन्ही आळ्यांत अजून वाद आहे. पाय होते तिथेच थबकले. भिवजीने मेव्हण्याकडे पाहिले आणि तोही चुकला. कुणाला काही कळेना. पुढे जावे की मागे, हा आपला की तो त्यांचा? समोरच्याचे मुंडासे अजून हातात होते. शेवटी ज्याने धरले होते त्यानेच ते त्याच्या डोक्यावर नीट बसवले, आणि जो जिथे होता तिथेच, शेजारी कोण ते न बघता, खाली बसला. त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत दोघे चुकत राहिले असे सांगतात.

"मग राणू वळला कुणाच्या नगाऱ्यावर?" ऐकणारा हटकून विचारतो.

"ते कळावं म्हणून तर वाजवाया घेतला," तात्या म्हणतात. "सटवाजी गेला, भिवजी गेला. न्हाई कळलं. आमी अजून वाजवतोय."

आजही चैत्रात तात्या आणि वरच्या आळीचे एक आजोबा समोरासमोर बसतात. दोन टिपऱ्या हळूहळू जुळू लागतात आणि भोवती बसलेल्यांच्या टाचा नकळत जमिनीवरून उचलल्या जातात. मग एक टिपरी चुकते, आणि टाचा खाली येतात.