चार की आठ?

एका जिल्ह्याच्या गावी एकदा असे घडले. तेथे रक्तपेढ्यांचे एक केंद्र होते. कोणत्या पेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हे सांगणारी संगणकप्रणाली ते केंद्र चालवी. प्रणाली ज्यावर चाले ते यंत्र आभासी होते. म्हणजे एका मोठ्या संगणकाच्या पोटात अशी अनेक यंत्रे नांदत आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष काम उरकणारे भाग, येत. या यंत्राला चार होते. त्याची देखभाल मकरंद नावाचा अभियंता करी. ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला, त्या टिपणीसबाई निवृत्त होऊनही आठवड्यातून एकदा केंद्रात येत.

एके सकाळी घाटात दोन बसची टक्कर झाली. साऱ्या तालुक्यांतून एकदम विचारणा सुरू झाली आणि यंत्र अडखळू लागले. एका प्रश्नाच्या उत्तराला तीन-तीन मिनिटे लागू लागली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, तर तेवढा वेळ कुणालाच उत्तर मिळणार नव्हते. परंतु चालू यंत्राला प्रोसेसर वाढवून देण्याची सोय होती. मकरंदने नियंत्रणाच्या पडद्यावर चारचे आठ केले. पडदा म्हणाला, आठ. उत्तरे मात्र तितकीच मंद.

तो गोंधळला. दुप्पट बळ दिले, मग ते गेले कुठे? त्याने पडदा ताजा करून पाहिला. आठच. उत्तराला किती मिनिटे लागतात ते तो पुन्हा मोजत बसला. इतक्यात बाई आल्या.

"बाई, आठ दिलेत तरी हलत नाही. बारा करू का?"

बाईंनी हात पुढे केला आणि त्याच्यासमोरचा तो पडदाच बंद केला.

"अहो बाई, हे काय? आता मला कळणार कसं?"

"यानं तुला कळत नव्हतंच. दुसऱ्या संगणकावरून यंत्राच्या आत जा आणि त्यालाच विचार, तुझ्यापाशी किती आहेत."

मकरंद आत शिरला. त्याने विचारले. उत्तर आले: चालू चार, बंद चार.

"बाहेर आठ, आत चार! यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही खरं. नवे चौघे येऊन दाराशी बसलेत. त्यांना कामावर घे म्हणून आत कुणी सांगितलेलंच नाही."

त्याने नव्या चौघांना सुरू केले. आता आतही आठ दिसू लागले, पण प्रणाली तशीच मंद. मकरंदने कपाळाला हात लावला.

"अजून कुणाला विचारायचं राहिलं?" बाईंनी विचारले.

तो चाचरत म्हणाला, "प्रणालीला?"

प्रणाली सुरू झाली तेव्हा तिने चार प्रोसेसर पाहिले होते आणि एका वेळी चारच प्रश्न हाती घ्यायचे ठरवले होते. तिला वाढ ठाऊकच नव्हती. मकरंदने तो आकडा आठ केला, चालू प्रणालीला तो नव्याने वाचायला लावला आणि उत्तरे भराभर सुटू लागली.

तरी त्याचा चेहरा उजळला नाही. "बाई, मग मी सकाळी दिलं ते खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं, मकरंद, पोचलं नव्हतं. देणं आपल्या पडद्यावर लगेच पूर्ण दिसतं, म्हणून आपण तिथेच थांबतो. पोचलं की नाही, ते घेणाऱ्यालाच विचारावं लागतं. आणि घेणाऱ्याच्या मागे आणखी एक घेणारा असतो. शेवटच्यापर्यंत जावं लागतं."

मकरंदने मान डोलावली, पण त्याला सारे उमगले असे नव्हते. तो कामाला लागला. दुपारी पाठवलेल्या पिशव्यांची यादी तपासताना एक ओळ दिसली: घाटाखालचे रुग्णालय, ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या, रवाना. पुढच्या ओळीकडे वळता वळता तो थबकला आणि त्याने रुग्णालयात फोन लावला.

"सिस्टर, केंद्रातून मकरंद बोलतोय. ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या तुमच्या हातात पडल्या का?"

"नाही हो! पेशंट टेबलावर आहे. आम्ही वाटच बघतोय."

त्याने गाडीच्या चालकाला फोन केला. गाडी कधीची पोचली होती, पण जुन्या इमारतीच्या कुलूपबंद फाटकापाशी उभी होती. मकरंदने त्याला नव्या इमारतीची वाट सांगितली आणि चालकाच्या फोनवरून सिस्टरचा आवाज येईपर्यंत फोन कानापासून काढला नाही.

"मिळाल्या," सिस्टर म्हणाली.

तेव्हा कुठे त्याने ती ओळ पुरी झाली अशी खूण केली.