ठकूबाईचा ओटा

साळ्यांच्या पेठेत बुजवलेल्या विहिरीला लागून एक दगडी ओटा आहे आणि त्याच्यासमोर एक उभा दगड. पेठेत देव उदंड, पण अंगावर शेंदूर नसलेला दगड हा एकच. ओट्यावर सावली छान पडते. तरी पाहुणे टेकू लागले की म्हातारे दिवटेआजोबा हटकतात : आधी दगडावरचे वाचा, मग बसा. मग स्वतःही उभ्यानेच सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट म्हणे. शहरात पटकीची साथ आली. सरकारी माणसे विहिरीपाशी हा दगड रोवून, कोणाशी चकार शब्द न बोलता निघून गेली. पेठ सगळी मागावर राबणारी, अक्षर कोणाला ठाऊक? साथ घालवायला सरकारने देवच बसवला, असे सगळे धरून चालले. पहिला शेंदूर लावला तो ठकूबाईने. नवरा मागेच गेलेला, एकुलती लेक चंपा. ठकूबाई रोज पहाटे विहिरीचे पाणी शेंदून दगडाला अंघोळ घाली आणि ते तीर्थ आधी लेकीच्या तोंडात घाली. चंपा त्याच साथीत गेली.

पुढे एक पंतोजी त्या वाटेने चालले होते. शेंदराखाली त्यांना अक्षराचे टोक दिसले. खापराने खरवडून त्यांनी वाचून दाखवले : या विहिरीचे पाणी पिऊ नये.

ठकूबाई रडली नाही, असे सांगतात. उरलेला शेंदूर तिने नखांनी काढला आणि भरल्या पेठेत म्हणाली, “दर घरात ह्यो दगड वाचणारं माणूस हुईस्तोवर मी बूड टेकणार न्हाई.”

तेव्हापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. जेवण उभ्याने, झोप खांबाला टेकून. पंतोजींनाही तिने सुखाने बसू दिले नाही. माग थांबवला तर चूल कशी पेटणार, असे लोक म्हणाले, तेव्हा तिने पंतोजींना मागांच्या खडखडाटात उभे करून अक्षरे ओरडायला लावली. बायांकडून सुताच्या खळीने माखलेल्या बोटांनी भिंतीवर ती गिरवून घेतली. कोणी दार लावून घेतले, तर सकाळी ही उंबऱ्यात हजर. निम्मी पेठ तर तिचा ससेमिरा चुकवायलाच शिकली म्हणे.

अखेर सगळी घरे झाली. बाया तिला बसवायला ओट्यापाशी घेऊन आल्या. तेव्हा शेजारची गोदा हळूच म्हणाली, “मावशे, तुझंच घर ऱ्हायलं की.”

खरेच होते. दुसऱ्यांच्या दारी धावताना ठकूबाई स्वतः कधी पाटीपुढे थांबलीच नव्हती. वेळ नव्हता, असे ती सांगे. पण भीती होती. तो दगड आपल्याला वाचता आला असता, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे नव्हते. त्या दिवशी पळायला घर उरले नव्हते. गोदाच तिला शिकवू लागली. कितीतरी दिवस ती येरझाऱ्या घालतच अक्षरे घोकत राहिली.

मग एका सकाळी ती दगडापुढे उभी राहिली. एकेका अक्षरावर बोट ठेवत शेवटापर्यंत गेली. पुन्हा पहिल्यापासून गेली. मग ओट्यावर बसली.

“येवढंच लिवलं हुतं व्हय गं,” ती म्हणाली.

त्यानंतर ती तिथून उठली नाही, असे सांगतात.

आता पेठेत नळ आहेत आणि शाळाही आहे. आजही जत्रेच्या पंगतीआधी पेठेत नव्याने आलेले प्रत्येक माणूस हा दगड वाचते, मग ती सून असो, भाडेकरू असो की कोणाची म्हातारी आई. ज्याला येत नाही त्याला शेजारी उभे राहून शिकवतात. पाने वाढलेली असतात, भात निवत असतो, पोरे कुरकुरत असतात. पण त्याचे वाचून होईपर्यंत पेठेत कोणीही बसत नाही.