इमामचा घोट

माळकुडीच्या वेशीत पाणी साठवायची एक दगडी दोण आहे. पूर ओसरला की गाव आधी तिच्यातला गाळ काढते, घरातला नंतर. यंदाच्या पुरानंतर आम्ही मदत म्हणून पाण्याच्या बाटल्यांचे खोके घेऊन पोहोचलो तेव्हा दोण धुऊन झाली होती, शेजारी बायका घागरी घेऊन रांगेत बसल्या होत्या आणि आमच्या खोक्यांना कोणी हात लावत नव्हते. ऐंशी ओलांडलेल्या बाळगोंडा आण्णांनी आम्हाला दोणीच्या कडेला बसवले आणि कारण सांगितले.

फार जुना पूर, म्हणे. विहिरी बुडाल्या, त्यांत मेलेली जनावरे तरंगू लागली. पाणी उतरून चार दिवस झाले तरी प्यायला थेंब नव्हता. नागव्वा नावाच्या बाईची सून नुकतीच बाळंत झाली होती. तिचे दूध आटत चालले होते.

त्या भागाच्या कमाविसदाराने, म्हणजे सरकारी अंमलदाराने, पाणी धाडायचा हुकूम काढला. चांगला झरा टेकडीवर, तीन कोसांवर, आणि वाट सगळी चिखलाची. कमाविसदाराला घाई होती. पाणी पोहोचले असे त्याला वर कळवायचे होते. पाणी वाहणाऱ्या इमाम पखाल्याला तो म्हणाला, "नदीतलंच भर. टेकडीवरचं म्हणून सांग. पुरातल्या माणसांना कसली चव?"

इमामने नदीचे पाणी फडक्यातून गाळून कातडी पखालीत भरले, ती रेड्यावर लादली आणि वेशीत आणली. गाव धावले. नागव्वाने पहिली लोटी भरली आणि सवयीने इमामपुढेच धरली. दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचे, एवढेच तिला ठाऊक.

"तीन कोस चालून आलास बाबा. आधी तू घे."

इमामचा हात उठेना.

"पाणी तुझं, लोटी माझी," नागव्वा म्हणाली. "माझ्या लोटीचा विटाळ धरतोस व्हय?"

"आत्या, हे टेकडीवरचं नव्हं." एवढे बोलून त्याने पखालीचे तोंड सोडले. पाणी चिखलात गेले. काहींनी त्या चिखलाला तोंड लावले, असे सांगतात. बाकीचे इमामच्या अंगावर धावले. त्यांना नागव्वाने आवरले, आणि हातातली लोटीही उलटी केली. इमाम म्हणाला, चांगले पाणी या दोणीत पडेपर्यंत मीही पाण्याला शिवणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. रेडा वाटेत चिखलात बसला, तो उठलाच नव्हता. अर्धी पखाल इमामने पाठीवर आणली होती. ती त्याने दोणीत रिकामी केली, पण आता कोणी पुढे होईना. तेव्हा नागव्वाने पुन्हा लोटी भरून त्याच्यापुढे धरली. सगळ्यांच्या देखत त्याने एकच घोट घेतला. "आता सुनेला दे," म्हणाला. दोणीला टेकून बसला, तो उठला नाही.

"सून वाचली?" आमच्यातल्या एकाने विचारले.

"वाचली की. तिच्याच घरातले आम्ही."

"आणि कमाविसदार?"

"त्याला काय हुतंय? बढती मिळाली आसंल."

आजही माळकुडीत पुरानंतर पाणी घेऊन येणाऱ्याने ते आधी स्वतः प्यायचे असते. यंदा पाचव्या दिवशी टँकर आला, सोबत साहेब. आण्णांनी टँकरच्या नळाला लोटी भरून पुढे केली. साहेबांनी गाडीतून स्वतःची बाटली काढून दाखवली.

"ते नव्हं साहेब. हे."

टँकर भरलेलाच परत गेला. त्याला दोन दिवस झाले होते.

आण्णांनी आमच्या खोक्यातली एक बाटली उघडली, लोटीत ओतली आणि लोटी माझ्यापुढे धरली. पाणी कोमट होते. मी घोट घेतला, तेव्हा कुठे रांगेतली पहिली बाई उठली.