पाठ झालेली किल्ली

त्या राज्यात प्रत्येक दाराला एक कुलूप होते आणि प्रत्येक दाराआड एक दिवा. कुलपाने दार राखायचे, दिव्याने घर उजळायचे, असा रिवाज होता. शिवाय फुंकऱ्या नावाचा एक चोर होता. तो भांडीकुंडी नेत नसे. दार उघडायचे, दिवा फुंकायचा आणि पुढच्या दाराकडे वळायचे. त्याने फुंकलेली वात पुन्हा पेटत नसे. मेल्याला दुसरे काही सुचतच नसे.

दोन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आला, तेव्हा एकाही कुलपाला त्याची किल्ली ठाऊक नव्हती. अर्धी आळी अंधारली. पितळोजी नावाच्या जुन्या, जाडजूड कुलपाने मात्र त्याच्याशी अशी झोंबी घेतली, की किल्लीचा एक दाता मोडून पितळोजीच्या पोटातच राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाता खुळखुळवून दाखवायची त्याला फार हौस. "आम्ही अनुभवाने शिकलो," असे तो म्हणे. त्याच्या दाराआडच्या समईच्या पाच वातींपैकी चार त्याच दिवशी विझल्या होत्या. हे मात्र तो कधी सांगत नसे.

पुढे कानसबाईने युक्ती काढली. कानसबाई म्हणजे राज्यातली सगळ्यांत जुनी कानस. किल्ल्या घासण्यात तिचा जन्म गेला होता. तिने चोराच्या किल्लीबरहुकूम मेणाची किल्ली केली. ती फिरवल्याने दार उघडत नसे, पण कुलपाला चोराचे दाते पाठ होत. एखादा दिवस अंग ठणके, एवढेच.

यंदा बातमी आली, की फुंकऱ्याने दाते घासून बदलले आहेत. कानसबाई नवी मेणकिल्ली घेऊन दारोदार निघाली. पितळोजीच्या शेजारी छबी नावाचे चिमुकले कुलूप होते. "पुन्हा?" छबी कुरकुरली. "दोनदा झाली की! किती वेळा ते ठणकत बसायचं?"

"तो दाते बदलतो, त्याला मी काय करू?" कानसबाई म्हणाली. छबीने तोंड वाकडे केले आणि मेणकिल्ली फिरवून घेतली.

पितळोजी मात्र उखडला. "मला मेण दाखवता? अहो, मी खरं लोखंड पचवलंय!"

"पचवलंस, ते खोटं नाही. त्याचा उपयोगही होईल. पण दोन वर्षं झाली. आठवण गंजते, बाबा."

"गंजायला मी काय लोखंडाचा आहे?"

तेवढ्यात आतून समई म्हणाली, "अहो पितळोजी, घ्या ना फिरवून. तुम्ही निभावून न्याल हो. माझी एकच वात उरलीय. मला भीती वाटते."

"काहीतरीच तुझं! मी दाराशी असताना भीती कसली?"

 कानसबाई मेणकिल्ली घेऊन पुढच्या दाराकडे गेली.

आठच दिवसांनी, जेवणे आटोपून आळी पेंगत असताना, फुंकऱ्या आला. खट्, खट्, एकेक दार चाचपत तो जवळ येऊ लागला. छबीची पाळी आली. किल्ली आत शिरली, दार बोटभर सैल झाले. पण दाते पाठ होते. छबीने ते गच्च आवळले. तिच्या दाराआडची पणती फडफडली आणि सावरली. फुंकऱ्या शिव्या घालत पितळोजीकडे वळला.

किल्ली आत गेली. हे दाते कुणाचे, ते पितळोजीला कळेना. हात ओळखीचा वाटत होता, दाते अनोळखी. आठवू आठवू म्हणेपर्यंत अर्धा फेरा झाला. मग पुरा झाला. दार वीतभर किलकिले झाले आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात लख्ख उजाडले. हा तोच! पितळोजीने सगळी ताकद एकवटून कडी आवळली, दार धाडकन बंद झाले. फुंकऱ्याने कशीबशी किल्ली उपसली आणि धूम ठोकली.

आळी खडबडून जागी झाली. "पितळोजीकाका, बरे आहात ना?" छबीने घाबऱ्याघुबऱ्या विचारले.

"मला काय धाड भरलीय?" पितळोजी छाती फुगवून म्हणाला. "पळवून लावला की नाही? बघा, अंगावर साधा ओरखडा नाही! अनुभव तो अनुभवच."

 सगळी आळी त्याच्याकडे पाहत राहिली. त्याच्या किल्लीच्या भोकातून धुराची एक बारीक रेघ वर चढत होती.