मुंगूबाईची चमचम टिकली

एक होती मुंगूबाई. घरी तिचं इवलंसं बाळ. बाळासाठी मिळाला ज्वारीचा एक दाणा. दाणा घेऊन मुंगूबाई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

चिंचेखाली सरडोबाची पथारी. "घ्या गं घ्या, नवं नवं! आत्ता घ्या, नाहीतर संपलं!"

पथारीवर टिकली. चमचम, चमचम! मुंगूबाई भुलली की हो! दाणा दिला, टिकली घेतली, कपाळावर लावली. आहाहा!

घरी गेली. बाळ म्हणालं, "आई, भूक!"

अगं बाई! खायला काय देणार? टिकली?

मुंगूबाई तशीच वळली. धावली परत. तुरुतुरु, तुरुतुरु. सरडोबा तर पसार! आणि दाणा? तो चिमणकाकूच्या गळ्यात.

"चिमणकाकू, चिमणकाकू, दाणा द्या! दाणा देईन बाळाला. बाळ माझं उपाशी!"

"दाणा कसला, मोती माझा! देईन गं, देईन. पण आधी माझा कापूस आण. घरटं टोचतंय. कापूस मी सरडोबाला दिला, तो खारीनं नेला."

सूर्य आला चिंचेच्या शेंड्यावर. मुंगूबाई धावली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"खारूआत्या, खारूआत्या, कापूस द्या! कापूस देईन चिमणीला, चिमणी देईल दाणा. दाणा देईन बाळाला. बाळ माझं उपाशी!"

"कापूस कसला, टोपी माझी! देईन गं, देईन. पण आधी माझी शेंग आण. पोट रिकामं आहे. शेंग बेडकानं नेली."

सूर्य आला मधल्या फांदीवर. मुंगूबाईला धाप लागली. तुरुतुरु, तुरुतुरु.

खुळखुळ, खुळखुळ! बेडूकमामा शेंग वाजवत बसलेला.

"बेडूकमामा, बेडूकमामा, शेंग द्या! शेंग देईन खारीला, खार देईल कापूस. कापूस देईन चिमणीला, चिमणी देईल दाणा. दाणा देईन बाळाला. बाळ माझं उपाशी!"

"शेंग कसली, खुळखुळा माझा! देईन गं, देईन. पण आधी माझं पान आण. पाठ टेकायला जागा नाही. पान मासोळीनं नेलं."

सूर्य आला पार बुंध्याशी. आता काय करायचं गं बाई! तुरुतुरु, तुरुतुरु.

तळ्यात मासोळीमावशी. अंगावर हिरवंगार पान.

"मासोळीमावशी, मासोळीमावशी, पान द्या! पान देईन बेडकाला, बेडूक देईल शेंग. शेंग देईन खारीला, खार देईल कापूस. कापूस देईन चिमणीला, चिमणी देईल दाणा. दाणा देईन बाळाला. बाळ माझं उपाशी!"

"पान कसलं, शालू माझा! देईन गं, देईन. पण आधी माझा खवला आण. पाणी अंगाला झोंबतंय."

"खवला कुणी नेला?"

"तूच की! तुझ्या कपाळावर आहे."

मुंगूबाईनं कपाळ झाकलं. "खवला कसला, टिकली माझी!"

म्हणाली, आणि स्वतःच दचकली. अगं बाई, हे मीच बोलले?

लांबून रडणं ऐकू आलं. "आई, भूक!"

मुंगूबाईनं टिकली ओढली. चट्! कपाळ चुरचुरलं. चुरचुरू दे!

खवला दिला मासोळीला, मासोळीनं दिलं पान. पान दिलं बेडकाला, बेडकानं दिली शेंग. शेंग दिली खारीला, खारीनं दिला कापूस. कापूस दिला चिमणीला, चिमणीनं दिला दाणा!

सूर्य बुडाला. गुडुप! धाव, मुंगूबाई, धाव! तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

घरी आली. घरात आवाज नाही. रडू नाही.

"बाळा? अरे बाळा?"

कोपऱ्यातून बारीक आवाज आला. "आई..."

मुंगूबाईनं बाळाला पोटाशी धरलं. दाणा हातात दिला. कुटुम कुटुम, कुटुम कुटुम.

"आई, तुझी टिकली कुठाय?"

"तू जेव, राजा."

इतक्यात बाहेर हाक आली. "घ्या गं घ्या, नवं नवं!" मुंगूबाईची मान जराशी वळली बरं का! पण तिनं उठून दार लावलं. धाड्!

बाळाचं पोट भरलं, गोष्टीचंही भरलं.