दादाचं नाव

सोपान शिंप्याला बावन्नाव्या वर्षीच स्मृतिभ्रंशाने गाठलं, तेव्हा जनजागृतीवाले साहेब पोस्टरसाठी फोटो काढायला एका फोटोवाल्याला घेऊन दुकानात आले.

"मशीन सोडा, खिडकीशी बसा. चेहरा कोरा हवा, सगळं हरवल्यासारखा."

धाकट्या भावाची, निवृत्तीची, मूठ वळली. दादाने मात्र साहेबांच्या कोटाचं लोंबतं बटण पाहून कोट मागून घेतला आणि गिऱ्हाइकाची चिठ्ठी टाचायला नाव विचारलं. मग पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा.

साहेब फोटोवाल्याला म्हणाले, "बघ, हेच टिपायचंय. तिसऱ्यांदा विचारतोय."

"विसरतो खरा," बटण लावत दादा म्हणाला. "पण तुमचं नाव मी तीनदा विचारलं. माझं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

साहेब ओशाळून मशीनजवळ बसले आणि त्यांनी नाव विचारलं.

पोस्टरवर दादा मशीनवर वाकलेला आहे, खाली त्याचं पूर्ण नाव आहे. हल्ली निवृत्ती ते त्याला रोज वाचून दाखवतो.